सफरमैना पलटण म्हणजे नक्की काय? (आमच्या लोहार पणजोबांची गोष्ट)

भात्याचा_आवाज

मंडळी, कित्येक वर्षं नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

खानापूरच्या पुढे मलप्रभेच्या काठाला आमचं गाव. घर लोहाराचं. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली, म्हणजे गाव सुटलं पण लोखंड काही सुटलं नाही. गेल्या महिन्यात गावचं जुनं घर उतरवलं. स्वयंपाकघरातल्या तिखटाच्या बरणीवर एक जाड, तांबूस ताटली झाकण म्हणून असायची. आईने ती जन्मभर वापरली, तिच्या आधी आजीने. सामान हलवताना सहज चिंचेने घासली तर खालून एक बाई निघाली, तिच्या पुढ्यात सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत नाव. मोठ्याने वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते माझ्या पणजोबांचं नाव. आम्ही इतकी वर्षं त्यांच्या नावाखाली तिखट ठेवत होतो!

आजीकडून ऐकलेलं सांगतो. पणजोबा गावचे बैतेकरी लोहार. नांगराचे फाळ, विळे, कोयते, कुळवाच्या फासा. पैसा कुणी देत नसे. सुगीत खळ्यावर जाऊन भाताची बैतं आणायची आणि वर्षभर शेवटायचं (झिजलेली टोकं-धारा पुन्हा नीट करायचं) काम करायचं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते गाडीच्या धावेमुळे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाकडी चाकावर लोखंडी पट्टीचं कडं बसवतात ती धाव. कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, शेणींच्या गोल जाळात लाल करायचं, तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायचं, घणाने बसवायचं, लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसतात. सगळी करामत त्या ‘किंचित’मध्ये. जास्त लहान केलं तर आरे मोडतात, कमी केलं तर पहिल्या उन्हाळ्यात धाव निसटून रस्त्यावर. पणजोबा सुतळीने एकदा माप घेत, दुसऱ्यांदा घेत नसत. आजी म्हणायची, “त्यानं बसवलेली धाव चाक कुजलं तरी निघायची न्हाई.”

असा माणूस लढाईवर का गेला? घरात दोन उत्तरं आहेत. एक, थोरल्या भावाशी बैत्यावरून वाजलं. दुसरं, सावकाराचे पैसे द्यायचे होते आणि सावकार भात घेईना, रोख मागत होता. मला दुसरं खरं वाटतं. जन्मात रोकडा न पाहिलेल्या लोहाराला महिन्याला ११ रुपये म्हणजे काय वाटलं असेल! पहिल्या महायुद्धाला तोंड लागलं तो पावसाळा संपल्यावर ते खानापूर स्टेशनातून पुण्याच्या बाजूला गेले. घण भावाकडे दिला, “आलो की घेतो” म्हणाले. पणजी तेव्हा पोटुशी होती. माझ्या आजोबांनी बापाला पाहिलं नाही आणि बापाने त्यांना.

पुढचं सगळं तुटक आहे. आजीची दोन वाक्यं ठरलेली. “मामंजी सफरमैनात होते” आणि “ते बसऱ्याला गेले आणि कुटात ऱ्हायले.” लहानपणी मला वाटायचं सफरमैना हा पक्षी. आणि कूट म्हणजे शेंगदाण्याचं.

तर विचारायचंय: ही कुठली पलटण? कूट म्हणजे काय? आणि ही ताटली कशाची? मराठा सेंटरच्या गेटवर जाऊन आलो, तिथल्या पहारेकऱ्याने चहा पाजला आणि नाव ऐकून नकारार्थी मान हलवली.

---

कणकुंबीचा_पाऊस

पहिलाच धागा आणि असा? दंडवत. फोटो टाका की ताटलीचा, नुसतं सांगून काय करूलास.

---

सुभेदार_निवृत्त

पहारेकऱ्याचं बरोबर आहे, तुम्ही चुकीच्या गेटवर गेलात. बेळगावचा माणूस फौजेत गेला म्हणजे मराठाच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीचा, तेव्हा आपल्या पलटणीचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो.

सफरमैना म्हणजे ‘सॅपर्स अँड मायनर्स’. साहेबाच्या तोंडचं शिपायाच्या तोंडात आलं की असंच व्हायचं. पूल बांधणं, पूल उडवणं, खंदक, सुरुंग, पाणी, रस्ते, हे त्यांचं काम. मुंबई इलाख्याची सफरमैना खडकीला होती, तिला ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ म्हणत. आजचा बॉम्बे इंजिनियर ग्रुप तो हाच. त्यांना नुसते उंचेपुरे जवान नको असत, हातात कसब असलेला माणूस हवा असे: लोहार, सुतार, गवंडी. तुमचे पणजोबा भरतीला उभे राहिले आणि त्यांना घण चालवायला लावला असेल तर साहेब खूश झाला असणार.

दुसरं, १९१४ साली बेळगावात मराठ्यांचं ट्रेनिंग सेंटरच नव्हतं. पलटणींची फेररचना होऊन ते इथे आलं १९२२ मध्ये. तुम्ही खडकीला पत्र घाला. नंबर असेल तर काम सोपं. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. मेडल आहे काय घरात?

---

भात्याचा_आवाज

सुभेदारकाका, आभार. पन्नास वर्षांचा पक्षी आज उडाला.

मेडलची गोष्ट लाजेची आहे. एक चांदीचं होतं. आत्याच्या लग्नात आजोबांनी ते सोनाराकडे नेलं, त्याची जोडवी झाली. एक चांदणीसारखं होतं, ते कुणी कुठे घातलं ठाऊक नाही. आणखी एक होतं का, ते आईलाही आठवत नाही.

ताटलीचा फोटो चढत नाही. हाताने मोजली, १२ सेंटिमीटर भरते. बाईच्या एका हातात त्रिशूळ आहे, दुसऱ्या हाताने ती पानांचं कडं पुढे धरतेय. बाजूला दोन मासे उड्या मारतायत. नावापुढे हुद्दा वगैरे काहीच नाही.

---

निपाणीकर

सांभाळून ठेवा. झाकण नाही ते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक माणसामागे घरच्यांना इंग्रज सरकारने असं एक काशाचं पदक पाठवलं. बाई म्हणजे ब्रिटानिया, मासे म्हणजे डॉल्फिन. कडेने लिहिलंय त्याचा अर्थ ‘हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’. १३ लाखांहून जास्त ओतली ही पदकं. इंग्लंडात लोक त्याला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणत, कारण आकार नाण्यासारखा. हुद्दा मुद्दाम घातला नाही: जनरल असो की शिपाई, मेल्यावर सारखे.

सारखे म्हणे! कागदावर. पुढे सांगतो.

कूट म्हणजे कूट-अल-अमारा, टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव, आजच्या इराकात. यात आपल्या बेळगावचा धागा बराच गुंतलाय. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव छावणीत नॉरफक रेजिमेंटची दुसरी पलटण होती, ती ‘सहाव्या पुणे डिव्हिजन’मधून बसऱ्याला उतरली. त्याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या आणि तुमच्या सफरमैनाच्या १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या. तेलासाठी बसरा घेतलं, ते सहज मिळालं, मग बगदादची हाव सुटली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांनी थोपवलं, जनरल टाउनशेंड माघार घेत कूटमध्ये आला आणि ७ डिसेंबरपासून वेढा पडला. जवळपास पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजेचीच २३,००० माणसं मेली किंवा जायबंदी झाली, आणि वेढा सुटला नाही तो नाहीच.

आतमध्ये आधी बैल संपले, मग घोडे कापायला लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचं मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवल्या तरी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत त्यांनी तोंड लावलं नाही, “गावी गेल्यावर पोरींची लग्नं कशी व्हायची?” ही खरी भीती. जवाचं पीठ दिवसेंदिवस कमी होत गेलं, भाजीपाला नाही, हिरड्या सुजून रक्त. आणि ऐका, धान्य होतं तेव्हा ते दळायला जाती नव्हती, तर इंग्रजांनी विमानातून जात्याचे दगड खाली टाकले! वेढ्यातल्या फौजेला विमानाने रसद टाकायचा प्रयत्न जगात बहुधा तिथेच पहिल्यांदा झाला.

२९ एप्रिल १९१६ ला शरणागती. लढणारे आणि बाजारबुणगे धरून जवळपास १३,००० माणसं कैद. आता गंमत बघा. आदल्याच दिवशी, २८ एप्रिलला, इथे बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. मांडवात टाळ्या पडत होत्या तेव्हा बेळगाव जिल्ह्यातले किती गडी टायग्रिसच्या काठाला मूठभर जवावर बसले होते, याचा मांडवात कुणाला पत्ता असेल?

---

चिंचेचं_बुटुक

निपाणीकर, काटा आला. पण मला पणजीचं विचारायचंय. तिला कसं कळलं?

---

शंकासूर

गोष्ट छान आहे, पण मी आपला विचारतो. आपण सगळे धरून चाललोय की हे गृहस्थ कूटच्या वेढ्यात होते. आधार काय? आजीचं एक वाक्य. बसऱ्याच्या इस्पितळात कॉलऱ्याने गेलेला माणूसही घरच्यांच्या लेखी ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेलेलाच असतो. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गोळीने मेले त्याच्या कितीतरी पट आजारांनी पडले. ताटली तर सगळ्यांनाच मिळाली.

---

स्वाभिमानी_सीमा

आणि ‘स्वातंत्र्यासाठी मेला’ हे इंग्रजाने लिहायचं आणि आपण घासून पुसून ठेवायचं! इंग्रजांच्या भाडोत्री फौजेचं कौतुक कशाला? दुसरं, धागाकर्त्याने ‘बेळगाव’ लिहिलंय याचं अभिनंदन, कारण १९५६ साली आपल्यावर जो अन्याय

*(पुढचा मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नाचे स्वतंत्र धागे आहेत, तिकडे भांडा. – संपादक)*

---

निपाणीकर

स्वाभिमानी, टिळकांचा भरतीला विरोध नव्हता, बदल्यात अधिकारीपदं द्या एवढंच त्यांचं म्हणणं. गांधीजी तर १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात स्वतः भरतीसाठी फिरले. ११ रुपयांसाठी गेलेल्या लोहाराकडून आपण त्यांच्यापेक्षा जास्त काय मागायचं?

शंकासूरांचा मुद्दा मात्र रास्त आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका असं बऱ्याचदा दिलेलं असतं. स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा. गावाच्या नावाची तर ओळखता येणार नाही इतकी वाट लागलेली असते.

---

भात्याचा_आवाज

चिंचेचं_बुटुक ताई, पणजीचं सांगतो. मूळ धाग्यात मुद्दाम टाळलं होतं.

पत्रं यायची, कुणीतरी लिहून दिलेली. एकात विचारलं होतं, पोराचं नाव काय ठेवलं, भट्टीचा भाता उंदरांनी खाल्ला नाही ना. हे आजीने इतक्यांदा सांगितलंय की मलाच ते पत्र वाचल्यासारखं वाटतं. मग पत्रं थांबली. पुढे एक इंग्रजी कागद आला, गावच्या कुलकर्ण्यांनी तालुक्याला नेऊन वाचून आणला. मेला असं त्यात नव्हतं. ‘सापडत नाही’ असं होतं. पणजी म्हणाली, सापडत नाही म्हणजे आहे.

लढाई संपली, आसपासच्या गावांतले परत आले, हे नाही आले. इन्फ्लुएन्झाच्या साथीत थोरला भाऊही गेला, म्हणजे भट्टीवर माणूसच उरला नाही. पाठोपाठ तालुक्याहून माणूस आला: पेन्शन मंजूर आहे, अंगठा कर. कागदावर नवरा मयत असं लिहिलेलं. पणजीने अंगठा द्यायला नकार दिला. पेन्शन घ्यायची तर तो मेला म्हणायला पाहिजे, आणि मेला म्हटलं तर कपाळ पुसायला पाहिजे. घरात खायला नव्हतं. चार वर्षांचं पोर. तरी दोन सुग्या ती दुसऱ्याच्या शेतावर भात कापायला गेली, पण अंगठा दिला नाही. लोक म्हणाले, खुळी आहे. त्या माणसाला ती म्हणाली होती, “तुमी मेला म्हणून लिवा की, मी कशाला लिवू?”

शेवटी दिला. का दिला ते कुणी सांगत नाही. आजी इथे आली की गप्प व्हायची आणि चुलीत लाकूड सारायची.

ताटली पोस्टाने आली ती अंगठ्याच्या आधी की नंतर, हेही ठाऊक नाही. पण तिखटाच्या बरणीवर ती कुणी ठेवली असेल, हे आता मला कळतंय.

---

चिंचेचं_बुटुक

🙏

---

बैलहोंगल_कडचा

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेत शिकलेली नाही, बाजारात शिकलेली आहे, चुका काढू नका.

आमचं घर कम्मारांचं. कम्मार म्हणजे लोहारच. धावेचं वाचून लिहायला आलो. आमच्याकडे तेच काम, फक्त पाऊस कमी म्हणून धाव आणखी घट्ट लागते. काळ्या मातीत उन्हाळ्यात चाक असं सुकतं की बसवलेली धाव हाताने फिरते. माझे आजोबा चाकावर ओल्या गोणपाटाचं पोतं टाकून ठेवायचे.

बसऱ्याला तर वाळवंट. तिथे फौजेच्या गाड्यांची चाकं किती सुकत असतील? सगळ्या जगाला माहीत नसेल पण लोहाराला लगेच कळेल की तिथे लोहार कशाला पाहिजे.

गावाचे जुने उतारे कन्नडमध्ये असले तर मला पाठवा, वाचून देतो. मोडी असली तर मात्र मीही तुमच्यासारखाच.

---

सुभेदार_निवृत्त

वा! हे आम्हां फौजी लोकांनाही सुचलं नसतं.

भर घालतो. कूटच्या वेढ्यात सफरमैनाने काय काय केलं ते आमच्याकडे शिकवायचे. निकामी विमानाच्या इंजिनाच्या नळकांड्यांतून उखळी तोफ केली. हातबाँब आतच बनवले. आणि ती आकाशातून पडलेली जाती कुणीतरी बसवली असणार, टाकी लावून चालू केली असणार. तुमच्याच पणजोबांनी केलं असं मी म्हणणार नाही, शंकासूर धरतील. पण ज्या दोन कंपन्या तिथे होत्या त्यांत लोहार मोजकेच.

---

कणकुंबीचा_पाऊस

शंकासूर गप्प का बसलाय, कुणीतरी हलवून बघा की गा.

---

शंकासूर

जागा आहे. पुरावा येऊ दे.

---

भात्याचा_आवाज

(धागा वर काढतोय. तीन आठवडे लागले, माफी असावी.)

पुतणीने संकेतस्थळावर शोधलं. निपाणीकर म्हणाले तसं स्पेलिंग बदलून बदलून. आणि एकाच्या जागी दोन सापडले. दोघेही थर्ड सॅपर्सचे, दोघांचं नाव तेच, तालुका खानापूर. एकाच्या बापाचं नाव आमच्याशी जुळतं, दुसऱ्याच्या बापाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे. पहिला १९१५ च्या उन्हाळ्यात गेलाय, म्हणजे वेढ्याच्या आधी. दुसरा १९१६ च्या अखेरीस. शंकासूरांचं खरं ठरतंय असं वाटून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. खरं सांगतो, मला पणजोबा कसे मेले याचं दुःख नव्हतं, आजी चुकली याचं होतं.

दोघांनाही कबर नाही. दोघांची नोंद बसरा मेमोरियलवर.

---

निपाणीकर

त्या मेमोरियलबद्दल ‘पुढे सांगतो’ म्हणालो होतो, ते आता. कबर नसलेल्या ४०,००० हून जास्त माणसांसाठी ते बांधलं. गोऱ्यांची नावं दगडात कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा पलटणीपुढे फक्त आकडा. नावं कागदाच्या वहीत. मेल्यावर सारखे म्हणे! २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. मेमोरियलही आता बसऱ्यात नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या राजवटीत उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं.

आणि १९१६ च्या अखेरीची तारीख सोडू नका. कूटचे कैदी बगदादवरून समर्रापर्यंत आगगाडीने नेले, पुढे रूळ नव्हते म्हणून मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत शेकडो मैल पायी. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना तिथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. रूळ टाकायला लोहार हाताशी असेल तर तुर्क त्याला सोडतोय होय? वाटेत आणि छावणीत हजारो मेले. कितीतरी जणांचा पत्ताच लागला नाही, त्यामुळे कागदावरची तारीख अंदाजाचीही असू शकते. “सापडत नाही” हा तुमच्या पणजीला आलेला शब्द इथे बसतो, इस्पितळात मेलेल्याला बसत नाही.

टाउनशेंडसाहेब या काळात इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होता. त्याचा कुत्रा तुर्कांनी सुखरूप परत पाठवला.

---

शंकासूर

‘सापडत नाही’वाला मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण एका अक्षराचा घोळ उरतोच. नंबर पाहिजे.

---

भात्याचा_आवाज

नंबर मिळाला. म्हणजे, थोडासा मिळाला. ऐका.

नंदगडकडे धाकटी काकी असते, वय ऐंशीच्या पुढे. तिला फोनवर ताटलीचं सांगत होतो. ती म्हणाली, “अरे तसलाच एक पिवळा बिल्ला माझ्याकडं हाय की. मी लग्न होऊन आलो तवापासनं बैलाच्या कपाळाला बांधतो.” दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

बेंदराला त्यांच्या घरी बैलाच्या कपाळावर गोंड्यांच्या मधोमध तो बिल्ला असतो. पंख असलेली बाई, मागे इंग्रजी. वरची कडी बदलून तार घातलेली. साठ-सत्तर बेंदरांत बैलाच्या कपाळावर घासून कड गुळगुळीत झालीय. कारखान्यातलं भिंग नेलं होतं, कडेवर खडूची पूड चोळली, तिरका उजेड धरला. आयुष्यभर मायक्रोमीटर वाचलाय, ही कड वाचायला अर्धा तास लागला. सुरुवातीचे आकडे गेले. शेवटचे दोन आकडे दिसतात. मग ‘सॅपर’चं आखूड रूप, नावाची तीन अक्षरं आणि शेवटी सॅपर्स अँड मायनर्सची आद्याक्षरं.

ते दोन आकडे १९१६ वाल्याशी जुळतात. १९१५ वाल्याशी नाही.

बापाच्या नावातलं एक अक्षर कारकुनाने खाल्लं असणार.

---

शंकासूर

मानलं. आजी बरोबर होती.

---

सुभेदार_निवृत्त

सॅल्यूट. ते व्हिक्टरी मेडल आहे. आता खडकीला संकेतस्थळावरचा पूर्ण नंबर, ते शेवटचे दोन आकडे आणि मेडलचा फोटो घालून पत्र पाठवा, मसुदा मी करून देतो.

---

बैलहोंगल_कडचा

धावेवर काम करणाऱ्याचं मेडल बैलाच्या कपाळावर. योग्य जागी होतं म्हणायचं.

एक विचारू? त्यांचा घण कुठे आहे?

---

भात्याचा_आवाज

घण आजोबांनी वापरला. वयात आल्यावर भट्टीवर बसले, बापाचं काम दुसऱ्याकडून शिकले. दांडा तीनदा बदललाय, डोकं तेच. घर उतरवताना पायाच्या भिंती फोडायला मजुरांनी तोच वापरला, मी तिथेच उभा होतो आणि मला काही वाटलं नाही. आता आणून ठेवलाय.

सुभेदारकाका, मसुदा पाठवा. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.

---

कणकुंबीचा_पाऊस

सगळं वाचलं. वाखुसा (वाचनखूण साठवली). एकच र्‍हायलं: काकीकडनं बिल्ला आणलास काय घरी?

---

भात्याचा_आवाज

मागितला होता. भारी आहे, जुना आहे, सरकारी आहे, जपून ठेवतो, सगळं सांगून झालं. काकी म्हणाली, “बेंदराला लागतोय रे.”

तिथेच ठेवून आलो. तार गंजली होती, तेवढी नवीन घालून दिली.